गावात कुठल्या दारानं शिरायचं: आरोग्य केंद्राची जीप की कुणाच्या घरची पडवी?

नव्यानं फील्डला, म्हणजे गावात राहून अभ्यास करायला, निघालेल्या दोघांनी गेल्या महिन्यात मला हाच प्रश्न विचारला. प्रकल्प आरोग्याचा, गाव कोकणातलं, हातात दोन-तीन महिने. प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जायचं, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचं आणि आशाताईंबरोबर घरोघर फिरायचं? की गावात कुणाच्या तरी पडवीत पथारी टाकायची आणि केंद्राशी कामापुरता संबंध ठेवायचा?

मी दोन्ही केलंय. पहिलं रत्नागिरी जिल्ह्यात, एका पावसाळ्यात सहा आठवडे. दुसरं दोन वर्षांनी सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात, मिरगापासून गणपतीपर्यंत. जिल्हे वेगळे, माणसं वेगळी, मीही मधल्या काळात थोडा शहाणा झालेलो. तेव्हा ही तुलना तराजूत घालून केलेली नाही. विषय मात्र दोन्हीकडे एकच होता: लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या मुतातून पसरणारा ताप), आणि लावणीच्या दिवसांत तो टाळायला वाटतात त्या डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या लोक घेतात की नाही.

जीपचे फायदे उघड आहेत, त्यामुळे पटकन सांगतो. पहिल्या दिवसापासून काम सुरू होतं. कुठल्या वाडीत किती घरं, गेल्या वर्षी ताप कुठे होता, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर तयार असतं. क्वार्टरला कॉट असते, नळ असतो, रात्री काही चावलं तर खालीच दवाखाना. आशाताई बरोबर असल्या की कुत्रं भुंकत नाही आणि दार उघडतं. परवानगीची कागदपत्रं वरून आलेली असल्यानं सरपंचही फार विचारत नाहीत. सहा आठवड्यांत मी एक्केचाळीस मुलाखती उरकल्या. पडवीत राहून तेवढ्याच मुदतीत माझ्या वहीत जेमतेम नऊ होत्या.

साथ ऐन भरात असेल तर मी आजही डोळे झाकून जीपच सांगेन. माकडतापाचंच घ्या. 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला, गोचिडीतून पसरणारा हा आजार 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या हंगामात बागेत जाणारं माणूस आणि पाचोळ्यातली गोचीड यांची गाठ रोजची. अशा वेळी कुणाच्या पडवीत बसून ओळख वाढवायला सवड नसते. ताप कुठे आहे, बागेत कोण जातं, अंगाला लावायचं तेल कुणी लावलं नाही, हे त्या आठवड्यात कळलं तर उपयोग.

आता जी गोष्ट मला खटकली, ती.

पहिल्याच दिवशी मी केंद्राच्या पांढऱ्या जीपमधून उतरलो आणि पोरं ओरडली, "डाक्टर आलं!" झालं. पुढचे सहा आठवडे मी डॉक्टर. "मी डॉक्टर नाही, मी नुसता विचारायला आलोय," असं म्हटलं की समोरून उत्तर यायचं, "बरं, डॉक्टर." पीएच.डी. झालेल्यांचा घोळ याहून मोठा, कारण त्यांना नाही म्हणायचीही सोय नसते. गुडघे दाखवले गेले, मुंबईहून आलेले एक्स-रे उन्हाकडे धरून दाखवले गेले, एका आजोबांनी तर बाही वर करून दंडच पुढे केला, सुईसाठी.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या शब्दाबरोबर एक खुर्ची येत होती. प्रत्येक घरात आम्ही खळ्यात पोचलो की आतून कुणीतरी प्लास्टिकची लाल खुर्ची आणायचं, पदरानं पुसायचं आणि मला बसवायचं. बाकी सगळे उभे, नाहीतर पायरीवर. मी वर, ते खाली, बाजूला रजिस्टर घेऊन आशाताई. आता तुम्हीच त्या खुर्चीवरून विचारा की ताप आल्यावर पहिल्यांदा कुठे जाता. एक्केचाळीसपैकी एकालाही दुसरं उत्तर सुचलं नाही. "लगेच आरोग्य केंद्रात." लेप्टो कशानं होतो? "उंदराच्या मुतानं." गोळ्या घेतल्या? "घेतल्या." एका बाईंनी तर आमच्या पुढ्यातल्या पत्रकातलं वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवलं, आणि मी ते इमानेइतबारे तिचं मत म्हणून उतरवून घेतलं.

पाचव्या आठवड्यात एका घरी आशाताईंना फोन आला आणि त्या रेंज शोधत बांधाकडे गेल्या. घरच्या बाईनं त्या दिशेला एकदा पाहिलं, आत गेली, कणगीवरून हात फिरवून गोळ्यांची चार पाकिटं आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं. "हे परत न्या. ताईंना सांगू नका, त्या वाईट नाहीत." ताई वळताना दिसल्या तशी पाकिटं पुन्हा पदराखाली गेली. मी खुर्चीवर बसल्या बसल्या मागची सगळी पानं मनात खोडत होतो.

यात आशाताईंचा दोष काढायला मला जमणार नाही. गावातल्याच बाईला आरोग्याचं शिकवायचं ही कल्पना उत्तमच आहे. रायगडच्या किनाऱ्यावर मांडव्याला डॉ. नोशिर अंतियांनी ती सत्तरच्या दशकात करून पाहिली होती. आशा योजना आली 2005 नंतर. ताई एरवी गावची लेक नाहीतर सून असते, तिच्याशी बायका सगळं बोलतात. पण माझ्यासारखा वहीवाला बरोबर घेऊन ती खळ्यात उभी राहिली की तीच बाई सरकार होते. आणि तिचं मानधन नेमून दिलेल्या कामांवर ठरत असताना तिनं न फोडलेली पाकिटं का मोजून दाखवावीत?

म्हणून दुसऱ्या वेळी पडवी. एका हायस्कूलच्या मास्तरांच्या ओळखीनं मिळाली. मी मुद्दाम वस्तीच्या एसटीनं गेलो, रात्री साडेआठला भिजत उतरलो. घरच्या आजींचा पहिला प्रश्न, "खयसून इलंस? जेवलंस?" दुसऱ्या दिवशी मी काय काम करतो ते समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, "आयकूचो पगार गावता तुका?" तिथं माझं नाव पडलं वहीवालो. त्या नावाला कुणी खुर्ची आणत नाही. चटई मिळते, ती पण आधीच कुत्रा बसलेला नसेल तर.

पडवीचा त्रास सांगायलाच हवा, नाहीतर मी तुम्हाला फसवलं असं होईल. पहिले तीन आठवडे काही म्हणजे काही घडत नाही. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे पानात कुळथाची पिठी आणि सुका बांगडा, फिरून तेच. कागद इतका दमट होतो की बॉलपेन त्यावर नुसतं घसरतं. पेन्सिल न्या. पत्र्याखाली रेकॉर्डर लावलात तर घरी येऊन दीड तास पाऊस ऐकाल. मी दोनदा ऐकला.

त्याहून अवघड आहे ती भावकी. तुम्ही ज्यांच्या पडवीत झोपता त्यांचे होता. आमच्या आजींचं आणि शेजारच्या चुलत दिरांचं एका आंब्याच्या कलमावरून कोर्टात चालू होतं. त्या घरात मला शेवटपर्यंत चहाशिवाय काही मिळालं नाही. खालच्या वाडीत मी गेलो की वरच्या वाडीत संध्याकाळपर्यंत कळायचं. जीपवाल्याला निदान सगळ्या वाड्यांत सारखंच खोटं सांगतात.

आणि संमतीपत्राची सही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांपासून या कागदाचं महत्त्व सांगायला नको. केंद्रामार्फत गेलं की फटाफट सह्या मिळतात, काय लिहिलंय कुणी विचारत नाही. सरकारी कागद, सही करायचीच असते. पडवीत मात्र सही म्हटली की सातबारा डोळ्यांपुढे येतो. "सही कशाक? काय लिवलंस ता आदी वाचून दाखव." एका काकांनी तीन दिवस कागद घरात ठेवून घेतला, मुंबईच्या मुलाला फोनवर वाचून दाखवला आणि मग नाही म्हणाले. कामाच्या दृष्टीनं हा तोटाच. पण मला वाटतं, संमती ज्याला म्हणतात ती मी तिथं पहिल्यांदा पाहिली.

तर मिळालं काय? वैद्यकीय मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांचे आठ प्रश्न आपण सगळेच शिकलोय: दुखण्याला काय म्हणता, कशानं झालं असं वाटतं, ते तेव्हाच का सुरू झालं, वगैरे. खुर्चीवरून हे प्रश्न परीक्षेसारखे ऐकू येतात. मागच्या दारी फणसाच्या आठळ्या सोलताना ते विचारावेच लागत नाहीत. सासू सुनेला सांगत असते आणि आपण सोलत असतो. लेप्टो होऊन वाचलेल्या एकाच्या घरी कळलं की राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालायचं राहिलं म्हणून ताप आला, असं घरच्यांना ठाम वाटत होतं. उंदराचंही त्यांना माहीत होतं. दोन्ही एकाच वेळी. "गाऱ्हाणां पण घातलंव, सुई पण घेतलंव." उशीर गाऱ्हाण्यामुळे झालेला नव्हता. तो झाला होता रिक्षा मिळेना म्हणून.

गोळ्यांचं कोडं तिथंच सुटलं. आमच्या घरची सून सकाळी सहाला कोरा चहा घेऊन तरवा (भाताची रोपं) काढायला जायची. मंगळवारची, म्हणजे आठवड्याची, गोळी ती त्या चहाबरोबर घ्यायची, कारण नंतर हात चिखलात. आठपर्यंत मळमळ सुरू. वाकून काम, पोटात काही नाही, एकदा बांधावरच उलटी झाली. "गोळी घेतली काय पोटात ढवळता, मगे तरवो कोण काढतलो?" डॉक्सी रिकाम्या पोटी त्रास देते हे कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असतं. सहा ते दहा या बायकांचं पोट रिकामं असतं, हे केंद्रात कुणाला ठाऊक नव्हतं. पेज दहाला शेतावर येते. मी एक दिवस लावणीला उतरलो तेव्हा नऊलाच माझे डोळे त्या पेजेच्या टोपाकडे लागले होते. गमबूट का घालत नाहीत तेही त्याच दिवशी कळलं: माझा डावा बूट चिखलानं ठेवून घेतला, पाय तेवढा वर आला.

इथं मला जीपच्या बाजूनं एक सांगणं भाग आहे. हे कळून मी एकटा काय करणार होतो? केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तिथल्या आशाताई पुढच्या मंगळवारपासून दहा वाजता पेजेच्या वेळी बांधावर गोळ्या घेऊन जाऊ लागल्या. केंद्राशी बोलणं नसतं तर माझी आठळ्यांवरची मेहनत एका अहवालात वाळली असती. किती फरक पडला ते मी मोजलेलं नाही. त्या मोसमात कणग्यांवर मला पाकिटं दिसली नाहीत, एवढंच सांगू शकतो.

शिवाय दवाखान्यात बसून फील्ड कळत नाही असंही नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्यांच्या खाटेशेजारी बसूनच जे पाहिलं, ते 1982 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आजार दारात आल्यावर काय करतो हे पाहायचं असेल तर केंद्रासारखी जागा नाही. तो दारात यायला चार दिवस का लागले, हा तुमचा प्रश्न असेल तर मात्र खाट बदलावी लागेल.

तुमचा प्रश्न बहुधा दुसराच असणार, नाहीतर तुम्ही या धंद्यात पडला नसता. मुदत दोन महिन्यांहून कमी असेल तर माझं ऐकू नका, क्वार्टर घ्या. बाई असाल तर सून-सासूच्या गप्पांत तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जागा मिळेल, पण रात्रीच्या पडवीत पुरुष काय बोलतात ते कदाचित निसटेल. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. मला विचाराल तर पहिले दोन दिवस केंद्रात घालवा, सह्या-शिक्के करा, डॉक्टरांचा आणि ताईंचा नंबर घ्या. मग जीपनं सोडतो म्हणाले तरी नको म्हणा आणि एसटीनं जा.

फक्त गणपतीच्या आठवड्यात पडवी मागू नका. चाकरमानी आले की घरात पाय ठेवायला जागा नसते आणि पडवीत तर मुंबईच्या बॅगांची रास. मलाही त्या आठ दिवसांसाठी केंद्राच्या क्वार्टरमध्ये हलावं लागलं. तिथल्या कॉटवर पंख्याखाली मला तीन महिन्यांत लागली नव्हती अशी झोप लागली, हेही सांगून टाकतो.