फ्रेंचसाठी पुणं, पणजी, बंगळूर, की बेळगावातलं घर?

फ्रेंच शिकायचंय म्हटलं की बेळगावकराची मान आधी पुण्याकडं वळते. मग कोणीतरी पणजी सुचवतं, चोर्ला घाटातून जवळ म्हणून. इंजिनीअरिंगची मुलं बंगळूरचं नाव काढतात. चौथी वाट म्हणजे घरात बसून ऑनलाइन. भाषा चारही ठिकाणी तीच. फरक पडतो तो पैशात, वेळेत आणि शेवटी हातात येणाऱ्या कागदात.

कागदाचं आधी बघा, कारण बहुतेकांची गल्लत तिथंच होते. क्लासचं प्रमाणपत्र वेगळं आणि फ्रान्स सरकारचा डेल्फ डिप्लोमा वेगळा. डेल्फच्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत्या चार पायऱ्या आहेत, प्रत्येकीची स्वतंत्र परीक्षा असते आणि एकदा पास झालात की तो डिप्लोमा कायमचा. फ्रान्समध्ये फ्रेंचमधून पदवी करायची तर साधारण बी२ मागतात. इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सला ती अट सहसा नसते, पण खोली शोधताना, बँकेत, सरकारी कचेरीत ए२ इतकी तरी भाषा हवीच. कॅनडात स्थायिक व्हायच्या एक्सप्रेस एन्ट्री या सरकारी योजनेला मात्र डेल्फ चालत नाही. तिथं टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा लागते आणि तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात. २०२३ पासून तिथं फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवड होते, पण ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही कौशल्यांत कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची सातवी पातळी गाठावी लागते. निकाल दोनच वर्षं टिकतो, त्यामुळं कॅनडावाल्यानं घाईनं परीक्षा देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

पुण्यात खरी निवड रानडे इन्स्टिट्यूट की आलियाँस फ्रान्सेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था, अशी आहे. रानडेत विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथं सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, अशी वर्षावर्षाची चढण. फी आलियाँसच्या मानानं कमी, व्याकरण पक्कं होतं, पण गती विद्यापीठाची. प्रवेशाची वेळ हुकली तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. आलियाँस महाग, पण बॅचेस वर्षभर सुरू होत राहतात, शिकवणं पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधूनच आणि सगळा रोख डेल्फच्या पायऱ्यांवर. पुण्यात आधीच कॉलेज किंवा नोकरी असेल आणि घाई नसेल, तर मी रानडे घेईन. निव्वळ फ्रेंचसाठी बेळगाव सोडून पुण्यात खोली करायची असेल, तर रानडेची स्वस्त फी खोलीच्या भाड्यात केव्हाच वाहून जाते. मग आलियाँसची सलग, वेगवान बॅचच परवडते.

पणजीतही आलियाँस आहे. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, त्यामुळं शनिवार-रविवारची बॅच कागदावर छान दिसते. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढं धुक्यात गाडी चालवलेल्या कोणालाही विचारा, मग ठरवा. दर आठवड्याला हे जमवणारा माणूस विरळाच. बंगळूरचं थोडक्यात सांगायचं तर तिथं राहत असाल तरच. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं परीक्षेला जाणं वेगळं, क्लासला जाणं वेगळं.

राहिलं घर. या शहरांतल्या आलियाँसच्या थेट ऑनलाइन बॅचेसही चालतात आणि ए१, ए२ साठी बेळगावच्या टिळकवाडीत बसून त्या करण्यात काहीच कमी नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंजची पंचाईत होते, तेवढी सोडली तर. आपल्या मंडळींना एक फायदाही आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत हिंदी-इंग्रजी असं ऐकत वाढलेल्या पोराला नवी भाषा कानावर घ्यायची सवय असते. लिंगानुसार विशेषण बदलणं, मोठ्यांना आदरार्थी बोलणं हे त्याला नवं नाही. अडतं ते लिहिलेलं आणि उच्चारलेलं यातल्या अंतरावर. शेवटची अक्षरं गिळायची, पण पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की तीच परत बोलायची, हे पुस्तकातून येत नाही. ते कानानंच येतं.

म्हणून गावातली खासगी शिकवणी निवडताना फीच्या आधी दोन गोष्टी विचारा : शिक्षकानं स्वतः कुठली पायरी पास केलीय, आणि तासाभरात प्रत्येक विद्यार्थी किती बोलतो? ‘तीस दिवसांत फ्रेंच’च्या पाट्यांना लांबूनच नमस्कार. बी२ पर्यंत साधारण साडेपाचशे-सहाशे तासांचा अभ्यास लागतो. मोबाइलवरची ॲप्स शब्दांपुरती चांगली, त्याहून अधिक अपेक्षा नको.

घरी शिकणाऱ्याचं बोलणं मागं पडतं आणि डेल्फमध्ये ते महागात पडतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी पंचवीस गुण. शंभरात पन्नास हवेत, पण एकाही भागात पाचांच्या खाली गेलात की बाकी कितीही पडले तरी नापास.

माझं मत विचाराल तर ए१ आणि ए२ घरूनच करा. बी१ला गाडी अडली, की सुट्टीत एक सलग बॅच पुण्यात प्रत्यक्ष बसून करा. नोकरीवाल्यांना ते जमणार नाही, त्यांनी ऑनलाइन बॅचच घ्यावी, पण पाच-सहाजणांची, गर्दीची नव्हे. छंद म्हणून शिकत असाल तर परीक्षेच्या भानगडीत पडूच नका, घरची बॅच पुरे.

परीक्षेला मात्र बाहेर जावंच लागेल. सत्रं वर्षातून ठरावीक, नोंदणी आधी बंद होते आणि लेखी व तोंडी वेगळ्या दिवशी येऊ शकतात. परतीचं तिकीट दोन्ही तारखा हातात आल्यावरच काढा.