शुगरवाल्यांसाठी पायाचं मसाज मशीन: घ्यावं की नको?

दोन्ही पावलं आत घालून बसायचं मशीन. खोक्यावर ठळक अक्षरात 'रक्ताभिसरण सुधारते'. आत तळव्याखाली फिरणारे रोलर, बाजूने दाबणाऱ्या हवेच्या पिशव्या आणि गरम करायचं बटण. पंधरा मिनिटांत पाय हलके वाटतात, ते खरंच. पण शुगरमध्ये धमनी अरुंद होते ती बहुतेकदा गुडघ्याखाली किंवा मांडीत, आणि मशीन चोळतं तळवा. त्याने अडलेली धमनी मोकळी होत नाही.

खरा धोका त्या गरमच्या बटणात आहे. बेळगावच्या थंडीत हात आधी तिथेच जातो. शुगरने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही, फोड दिसतो दुसऱ्या दिवशी. शुगर असेल तर ते बटण कायमचं बंद ठेवा. आतलं कापडी अस्तर चेन उघडून झटका. रोलरवर अडकलेला एक खडाही कातडी सोलतो. बसून झाल्यावर आरशात तळवा आणि बोटांच्या बेचक्या बघा. जखम असेल किंवा एकच पोटरी अचानक सुजली असेल, तर पाय आत घालूच नका.

विकत घेण्याआधी एबीआय, म्हणजे पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी, करून घ्या. दंडाचं आणि घोट्याचं बीपी डॉपलरने (रक्ताचा प्रवाह ऐकणारं यंत्र) मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. 0.9 किंवा कमी आला तर धमनी अरुंद आहे. 1.4 च्या वर आला तर खूश होऊ नका, शुगरमध्ये धमन्या कडक होऊन आकडा फसवतो. मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघावं लागतं.

धमनी अरुंद झाल्याने चालताना पोटरी भरून येणाऱ्यांना चालण्याचाच फायदा मशीनपेक्षा कितीतरी जास्त. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानात सावली आहे, तिथे बरं. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा. असं 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान 12 आठवडे. पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अथणीची चप्पल कितीही देखणी असली तरी बधिर पायाला नको. मागे पट्टा असलेली एमसीआर (मऊ रबरी तळव्याची) चप्पल घ्या. आणि निपाणीच्या तंबाखूची विडी ओढत मशीनवर बसणं म्हणजे नळ बंद करून पाइप चोळणं.

तळव्याला स्पर्श कळतो, एबीआय ठीक आहे, नुसता शीण घालवायचाय, अशांनी खुशाल घ्यावं. गरम करायची सोय नसलेलं मिळालं तर तेच.