बिलात बदललेला टर्बो आणि टायमिंग बेल्ट: पुण्यातला माझा अनुभव

बिलावर ‘टायमिंग बेल्ट किट, नवीन’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. त्या एका ओळीच्या भरवशावर मी आईला मागच्या सीटवर बसवून ताम्हिणी घाटातून कोकणात नेलं. इंजिनाचे भाग एका लयीत फिरवणारा, चालत्या गाडीत तुटला तर इंजिन मोडणारा तो बेल्ट बदललेलाच नव्हता. सत्तर हजारांच्या आसपास पैसे गेले याचा राग आहेच, पण हे सगळं लिहून काढतेय ते त्या बेल्टमुळे. पुण्यात दहा-अकरा वर्षांच्या डिझेल गाड्या वापरणारी माणसं खूप आहेत, आणि माझ्याशी जे घडलं ते त्यांतल्या कोणाशीही घडू शकतं.

गाडी २०१४ ची, रेनॉची डस्टर, डिझेल, ११० पीएसची (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप). सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली, पण नियमित ऑइल बदललेली आणि घरच्यासारखी सांभाळलेली. ही गाडी आपल्याकडे २०१२ साली आली आणि २०२२ मध्ये ती पिढी बंद झाली. तिचं १.५ लिटरचं के९के इंजिन मात्र एकट्या डस्टरचं नाही. निसानच्या टेरानोत तेच आहे, आणि महिंद्राच्या लोगन-व्हेरिटोतही त्याच घराण्यातलं. त्यामुळे या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री पुण्यात आजही आहेत आणि सुटे भागही मिळतात. हे आधीच सांगते, कारण मला ऐकवलेलं पहिलं वाक्य होतं, “मॅडम, बंद झालेली गाडी आहे, पार्ट बाहेरून मागवावा लागेल.”

पावसाळा संपता संपता चांदणी चौकाच्या चढावर गाडी ओढेनाशी झाली. दोन हजार आरपीएमपर्यंत ठीक, त्यापुढे कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी पिकअप नाही. बॉनेटखालून सुस्कारा सोडल्यासारखा आवाज, मागे काळा धूर आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा. हायवेच्या सर्व्हिस रोडला एक मोठं गॅरेज आहे. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. वातानुकूलित बसायची जागा, टॅबवर एस्टिमेट, सगळं नेटकं. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी ०२९९, आणि मालकाने स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हटलं, “बघा, टर्बोच लिहिलंय.”

पहिली फसवणूक इथे झाली, म्हणून हा कोड नीट सांगते. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. पी ०२९९ म्हणजे इंजिनाने जेवढा हवेचा दाब मागितला तेवढा मिळत नाही, एवढंच. दाब का मिळत नाही हे कोड सांगत नाही. टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारा एखादा होज पाइप फाटला असेल, क्लॅम्प सैल असेल, टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला जाणारी व्हॅक्युमची बारीक नळी तडकली असेल, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर काजळीने माखला असेल, जळलेला धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, एअर फिल्टर चोंदला असेल, तरी हाच कोड येतो. खुद्द टर्बो गेला असेल तरीही येतो, पण ती शक्यता या यादीत सगळ्यात महाग आणि तपासायच्या क्रमात सगळ्यात शेवटची. टर्बोचं सील गेलं असेल तर बहुतेक वेळा निळसर धूर येतो आणि इंजिन ऑइल कमी होत जातं. बेअरिंग गेलं असेल तर सायरनसारखा आवाज येतो, शाफ्ट हाताने हलवला तर खेळतो. माझ्या गाडीचा धूर काळा होता आणि ऑइल एक थेंब कमी झालेलं नव्हतं. मी हे विचारलंही. उत्तर आलं, “टेक्निकल आहे मॅडम. साहेबांना फोन द्या, त्यांना समजावतो.” गाडी माझ्या नावावर आहे आणि गेली अनेक वर्षं तिचं सगळं मीच बघते, हे सांगून मी फोन दिला नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला की गाडी उघडली आहे, टर्बोच्या शाफ्टमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे, फोटो पाठवलाय. फोटोत तेलाने माखलेला टर्बो होता. त्याच फोनवर पुढचं सांगितलं, की अकरा वर्षांची गाडी आहे, टायमिंग बेल्टही करून घ्या, लेबर वाचेल. हा सल्ला अगदी बरोबर होता. बेल्ट बदलायचं अंतर आणि वर्षं दोन्ही गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असतात, जे आधी येईल ते धरायचं, आणि माझ्या गाडीचा बेल्ट दोन्ही हिशेबांनी मागे राहिलेला होता. मी होकार दिला. निम्मं बोलणं खरं असलं की उरलेलं निम्मं खपून जातं, हे या धंद्यातल्या वाईट माणसांना पक्कं ठाऊक असतं.

मधेच आणखी एक खडा टाकून पाहिला. “दहा वर्षांवरची डिझेल आता बंदच होणार, एवढा खर्च नको असेल तर आमच्याकडे गिऱ्हाईक आहे,” असं म्हणून इतकी कमी किंमत सांगितली की ऐकूनच चीड आली. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातले आहेत. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते. मग आरटीओत फिटनेस तपासून, पर्यावरण कर भरून ती ५-५ वर्षांनी वाढवता येते. ही भीती घालून चांगल्या गाड्या मातीमोल भावात काढून घेतल्या जात असणार, अशी मला दाट शंका आहे.

गाडी घ्यायला गेले तेव्हा मी जुने पार्ट मागितले. जुने पार्ट मागा, हा सल्ला सगळेच देतात. मालकाने लगेच पोऱ्याला हाक मारली आणि एका गोणपाटात गुंडाळलेला काळाकुट्ट टर्बो आणि एक झिजलेला बेल्ट माझ्या डिकीत ठेवला. नव्या टर्बोचा रिकामा खोकाही दाखवला. बिल मात्र साध्या लेटरपॅडवर. “जीएसटी लावला तर अठरा टक्के वाढतील, तुमचेच वाचवतोय.” मी पक्कं बिल मागितलं, तर “अकाउंटंट नाहीये, व्हॉट्सअ‍ॅपला पाठवतो” असं उत्तर मिळालं. ते बिल कधीच आलं नाही. पैसे यूपीआयने दिले होते, त्याचा पुढे फार उपयोग झाला.

गाडी काही आठवडे झकास पळाली. मग ताम्हिणीत, परतीच्या चढावर, बॉनेटखाली फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि पुन्हा तोच काळा धूर, तोच दिवा. कशीबशी हळूहळू पौड गाठलं आणि तिथून पुण्यात आलो. गॅरेजचं उत्तर होतं, “मग इंजेक्टर गेले असतील.” आणखी तीस-पस्तीस हजारांचा आकडा तोंडी तयारच होता.

मी तिकडे गेले नाही. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात होजची चौकशी करताना दुकानदाराने एका वयस्कर मिस्त्रींचं नाव सुचवलं. त्यांनी अनेक वर्षं लोगन आणि व्हेरिटोची कामं केलेली. त्यांनी आधी स्कॅनर लावलाच नाही. गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. “ताई, इकडे या. हा नट बघा.” टर्बोच्या बुडाच्या नटांवर, स्टडवर आणि ऑइल पाइपच्या जोडावर वर्षानुवर्षांचा गंज जसाच्या तसा बसलेला होता. पाना लागला की गंज खरवडतो, नटाच्या कडा चमकतात, जोडाला नवीन तांब्याचे वॉशर दिसतात. इथे त्यातलं काहीच नव्हतं. “हा कारखान्यातून निघाल्यापासून कोणी खोललेला नाही.”

खरा दोष इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजमध्ये होता. खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला लांब चीर. तिच्यावर सीलंट थापून वरून जाड क्लॅम्प आवळला होता, म्हणून काही आठवडे दाब टिकला. नवीन होज आणि क्लॅम्प मिळून चार हजारांच्या आत काम झालं.

मी घरून गोणपाटातला टर्बो नेऊन दाखवला. त्यांनी हातात घेऊन एकदाच फिरवला. “हा तुमचा नव्हेच. हा ८५ चा आहे.” ८५ पीएसच्या डस्टरला साधा, जादा दाब झडपेने सोडणारा वेस्टगेटचा टर्बो येतो आणि ११० ला आतली पाती हलवून दाब बदलणारा व्हेरिएबल जॉमेट्रीचा. दोन्हींचा आकार आणि अ‍ॅक्च्युएटर वेगळे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो काढून पाहिला, तर तोही वेस्टगेटचाच. कोणाच्या तरी मेलेल्या गाडीचा टर्बो गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला होता.

मग मी टायमिंग बेल्ट बघायला सांगितलं. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायला फार वेळ लागत नाही. आत जुनाच बेल्ट होता. पाठीवरची छपाई पुसलेली, दातांच्या बुडाशी तडे, एका कडेला तंतू सुटलेले. मिस्त्रींनी गाडी चालू करू दिली नाही. या इंजिनात कॅमशाफ्ट, डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप हे तिन्ही त्याच एका बेल्टवर फिरतात. तो तुटला की व्हॉल्व्ह जागच्या जागी थांबतात आणि पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतात. चालत्या गाडीत इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकचा बूस्टर एक-दोनदा दाबण्यापुरताच. ताम्हिणीच्या उतारावर हे झालं असतं तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. टर्बोची चोरी मी चोरी म्हणून समजू शकते. पण ज्याला स्वतःला कळतंय की हा बेल्ट बदलायला झालाय, जो ते तोंडाने सांगतो, त्याचे पैसे घेतो आणि कव्हरसुद्धा न उघडता किल्ली हातात देतो, त्या माणसाला काय म्हणावं?

विचारायला गेले तेव्हा आधी “अशक्य”, मग “पोराकडून राहिलं असेल”, मग “फ्री सर्व्हिस देतो”, आणि शेवटी “कच्च्या बिलावर तुम्ही काय करणार?” करता येतं, आणि बरंच करता येतं. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग नोटीस पाठवली, मग ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मुदत घटनेपासून २ वर्षांची आहे. पोलिसांकडेही अर्ज दिला आहे. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. यूपीआयची नोंद, मूळ फोनमधलं न पुसलेलं चॅट, तो भलताच टर्बो, गंजलेल्या नटांचा नंबरप्लेटपासून सलग घेतलेला व्हिडिओ आणि मिस्त्रींनी सहीनिशी लिहून दिलेला अहवाल, हे माझे पुरावे. नोटीस गेल्यावर निम्मे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, अट एवढीच की ‘तक्रार नाही’ असं लिहून द्यायचं. मी दिलं नाही.

आता गाडी कुठेही देताना मी काय करते ते सांगते. जुना पार्ट मागून भागत नाही, तो आपलाच आहे हे ओळखता आलं पाहिजे. टर्बोवर नंबरांची छोटी पट्टी असते, तिचा फोटो आधीच काढून ठेवायचा. अडचणीच्या जागी हात पोचत नसेल तर मिस्त्रींना काढायला सांगायचा, खरा माणूस नाही म्हणत नाही. बदलायच्या भागावर आणि त्याच्या एका नटावर नेलपॉलिशचा ठिपका ठेवायचा. बिलावर पार्ट नंबर हवा, आणि जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, तो सरकारी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा, छोटा डोंगल मोबाइलला जोडून ठेवा. इंजिन बंद, इग्निशन चालू असताना मॅप सेन्सरने पुण्याच्या उंचीवर साधारण ९४-९५ किलोपास्कल दाखवायला हवेत, आणि चढावर जोर दिल्यावर आकडा दुपटीच्या आसपास जायला हवा. माझा सव्वाशेच्या पुढे जात नव्हता. नवा होज टाकल्यावर त्याच टर्बोने पूर्ण दाब दिला.

आणि तुमच्या गाडीला टायमिंग बेल्ट असेल, तो ‘बदलला’ असं फक्त कागद सांगत असेल आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिला नसेल, तर घाटात जायच्या आधी दुसऱ्या मिस्त्रीकडून वरचं कव्हर उघडून घ्या.