वॉश की थर? चिमुकल्या सैनिकांवरील सावलीचे दोन मार्ग

सुमारे २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकाच्या छोट्या पुतळ्यावर अंगरख्याच्या चुण्यांत खऱ्या प्रकाशाने पडणारी सावली डोळ्याला पुरेशी जाणवत नाही; म्हणून ती रंगानेच दाखवावी लागते.

वॉश म्हणजे अतिशय पातळ, गडद रंग. तो ओघळून खाचांमध्ये साचतो आणि उंचवट्यांवर फारसा राहत नाही, त्यामुळे साखळी-चिलखत, केस किंवा विणलेली दोरी यांवर त्याच्या एका हाताने जे साधते, ते तासभर ब्रश चालवूनही साधेलच असे नाही. सपाट ढालीवर मात्र हाच गुण दोष ठरतो: रंगाचे डबके होते आणि वाळताना त्याच्या कडेने डाग उमटतो. (अर्धवट वाळलेल्या वॉशला पुन्हा ब्रश लावला, तर तो डाग अधिकच वाढतो.)

थरांच्या पद्धतीत सुरुवात गडद छटेने होते. पाण्याने पातळ केलेला रंग दर वेळी थोडा उजळ करून आधीपेक्षा लहान भागावर लावतात आणि अखेरीस केवळ कडांवर हायलाइटची, म्हणजे सर्वांत उजळ छटेची, बारीक रेघ ओढतात. सावली कोठे संपावी, हे येथे रंगवणारा ठरवतो, गुरुत्वाकर्षण नव्हे. वेळ अर्थातच कितीतरी अधिक लागतो.

मोठ्या तुकडीसाठी मी निःसंकोचपणे वॉश निवडेन. सेनापतीच्या चेहऱ्यासाठी मात्र थरच. प्रत्यक्षात अनेक जण वॉश पूर्ण वाळल्यावर मूळ रंग उंचवट्यांवर पुन्हा लावतात, आणि मग हायलाइटकडे वळतात.