मायक्रोपायथन, सात महिने: ७१ केबी मोकळी, तरी ‘मेमरी नाही’

टाकीवर बसवलेला पिको डब्ल्यू, म्हणजे रास्पबेरी पायचा वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. काम साधं: अल्ट्रासॉनिक सेन्सरने पाण्याची पातळी मोजायची, दर पाच मिनिटांनी एचटीटीपीएसने पाठवायची, पातळी उतरली की पंपाचा रिले (पंप चालू करणारा स्विच) ओढायचा. मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे अशा छोट्या बोर्डांसाठीच्या पायथनमध्ये, एका संध्याकाळचं काम. पहिल्या संध्याकाळी लिहिलेले कौतुकाचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात, हा त्यापुढच्या सात महिन्यांचा. पहिल्या महिन्यात पाच तारे दिले असते, तिसऱ्यात दोन. आत्ता किती ते वाचून ठरवा.

बिघाड असा. अकरा-बारा दिवस सुरळीत, मग पाठवणी बंद. लॉगमध्ये एकच ओळ: ओएसएरर १२, म्हणजे ईनोमेम. मेमरी नाही. आणि त्याच क्षणी जीसी मॉड्यूलला (जीसी म्हणजे गार्बेज कलेक्टर, वापरून झालेली मेमरी झाडून मोकळी करणारा) विचारलं तर मेम-फ्री सांगतं ७१ केबी मोकळी आहे. दोघंही खरं बोलतात, हाच वैताग.

‘मायक्रोपायथन’ मॉड्यूलमधलं मेम-इन्फो चालवलं की शेवटी ‘मॅक्स फ्री साइझ’ असा आकडा येतो. बहुतेक जण तो बघतच नाहीत, आणि बघितला तरी तो बाइटमध्ये आहे असं समजतात. तो ब्लॉकमध्ये असतो. एक ब्लॉक १६ बाइटचा. इथे आकडा होता ७४२, म्हणजे सलग मोकळी जागा जेमतेम साडेअकरा केबी. टीएलएसचा, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनचा, एक रेकॉर्ड (डेटाचा एक गठ्ठा) कमाल १६ केबीचा असू शकतो, त्यामुळे येणाऱ्या बाजूला तेवढा सलग बफर मागितला जातो. ७१ केबी आहे, पण तुकड्यातुकड्यांनी.

एसटीचं उदाहरण घ्या. गाडीत वीस सीटा रिकाम्या आहेत, पण पाच जणांना मागचा लांब बाक सलग हवाय, आणि त्या बाकावर मधोमध एकच माणूस बसलाय. तो सोळा बाइटचा माणूस. कंडक्टरला त्याला उठवून दुसरीकडे बसवायची परवानगी नाही. मायक्रोपायथनचा कचरावाला कलेक्टर नेमका असाच आहे: खुणा करून झाडतो, पण वस्तू जागच्या हलवत नाही. हलवू शकतही नाही, कारण स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या कामाच्या जागेत) पडलेला एखादा आकडा पत्ता आहे की नुसता आकडा, हे त्याला खात्रीने कळत नाही. पत्त्यासारखं दिसलं की ते पत्ताच मानायचं, आणि तिथली वस्तू जिवंत. चूक झाली तर थोडी जागा अडते, पण प्रोग्राम कोसळत नाही. २६४ केबी रॅमच्या चिपवर हा सौदा रास्तच आहे. तक्रार एवढीच, की तो ठळक अक्षरात सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी त्याहून महत्त्वाची. मूळ सेटिंगमध्ये कलेक्टर आपणहून फिरत नाही. हीप, म्हणजे वस्तू ठेवायची रॅममधली जागा, भरत भरत वर जातो, अगदी काठोकाठ आला की मग झाडलोट. तोवर मधेच तयार झालेली प्रत्येक टिकाऊ वस्तू, एखादी यादीतली नोंद, एखादा कॉलबॅक (नंतर बोलावलं जाणारं फंक्शन), हीपच्या कुठल्याही उंचीवर जाऊन बसलेली असते. झाडल्यावर जागा खूप मोकळी होते, पण बाकावर मधोमध माणसं तशीच. उपाय एका ओळीचा: जीसीचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती मेमरी घेतल्यावर झाडायचं ती मर्यादा, लावा. कागदपत्रांमधलंच सूत्र चालतं, मेम-फ्रीचा चौथा हिस्सा अधिक मेम-अलॉक (वापरात असलेली मेमरी). कलेक्टर वरचेवर फिरला की नवी वस्तू खालच्या भोकांत बसते, वरचा भाग सलग राहतो. शिवाय दर वेळी काम थोडं असल्यामुळे काही मिलिसेकंदांचा अनपेक्षित अडथळाही कमी होतो.

पण एवढा कचरा येतो कुठून? बहुतेकांचा संशय जेसनवर (डेटा पाठवायच्या मजकुरी साच्यावर) जातो, आणि तो थोडाफार खराही आहे. खरा चोर मात्र दशांश चिन्ह. पिकोच्या बिल्डमध्ये प्रत्येक फ्लोट, म्हणजे दशांश संख्या, हीपवर स्वतःचा एक ब्लॉक घेतो. चिपमधल्या तापमान सेन्सरचं नेहमीचं सूत्र घ्या: वाचनाला गुणक, वजा ०.७०६, भागिले ०.००१७२१, सत्तावीसमधून वजा. चार क्रिया, चार फ्लोट, ६४ बाइट. सेकंदाला दहा वेळा वाचलं तर ६४० बाइट. १०० केबी मोकळा हीप १६० सेकंदांत भरतो, आणि भाषेत कुठेही ‘मेमरी घेतली’ असं दिसत नाही. ईएसपी८२६६ वर हे नाही, तिथे फ्लोटचे दोन बिट कापून तो थेट ३२ बिटांच्या मशीन-शब्दातच बसवलाय. अचूकता थोडी गेली, पण हीप वाचला. त्याच कारणाने एक जुना स्वस्त बोर्ड या बाबतीत नव्यापेक्षा समजूतदार निघतो.

पूर्णांकात तेच सूत्र असं. वाचन १६ बिटांचं येतं, पण खालचे चार बिट खरे नसतातच, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १२ बिटांचा आहे. म्हणून आधी चार बिट उजवीकडे सरकवा, ३३००० ने गुणा, बारा बिट उजवीकडे. हाती आले मिलिव्होल्टचे दहावे भाग. त्यातून ७०६० वजा, गुणिले १००००, पूर्णांक भागाकाराने भागिले १७२१, आणि हे सगळं २७०० मधून वजा: अंशाचे शंभरावे भाग. एकही ब्लॉक खर्च नाही. दोन सापळे. एक तिरकी रेघ वापरली की उत्तर फ्लोट, दोन वापरल्या तर पूर्णांक. आणि छोटा पूर्णांक ३१ बिटांचा असतो: दोनाचा तिसावा घात, म्हणजे १०७,३७,४१,८२४, ओलांडला की तो मोठा पूर्णांक होऊन गुपचूप हीपवर जातो. १६ बिटांच्या वाचनाला सरळ ३३००० ने गुणलं तर कमाल बाजूला हे होतंच, म्हणून आधी ते चार बिट सरकवणं.

कुठली ओळ मेमरी घेते हे अंदाजाने शोधू नका. हीप-लॉक नावाचं एक फंक्शन आहे. ते लावलं की पुढे जी ओळ एक ब्लॉक जरी मागेल तिथे मेमरीएरर फुटतो. पद्धत: सुरुवातीला आणीबाणीचा एक्सेप्शन बफर १०० बाइटचा राखून ठेवा, नाहीतर फुटलं कुठे तेच दिसणार नाही, मग हीप-लॉक, मोजणीचं फंक्शन एकदा, हीप-अनलॉक. दुरुस्त करा, पुन्हा चालवा, शेवटपर्यंत जाईतो. साधारण असे गुन्हेगार सापडतात: लूपमध्ये जोडत जाणारी स्ट्रिंग, आधीच्याच बफरमध्ये वाचणाऱ्या रीडइन्टूऐवजी वापरलेलं सॉकेटचं रीड, बाइटअ‍ॅरेचा तुकडा कापताना न लावलेला मेमरीव्ह्यू (कॉपी न करता तुकडा दाखवणारा), आणि ज्यावर कोणी संशय घेत नाही ते म्हणजे ‘सेल्फ’चं मेथड कॉलबॅक म्हणून देणं. प्रत्येक वेळी दिलं की प्रत्येक वेळी नवी वस्तू. कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि तेच देत रहा.

टीएलएससाठी मात्र रुमाल टाकावा लागतो, अगदी एसटीतल्यासारखाच. बोर्ड सुरू झाल्याझाल्या, बाकी काहीही इम्पोर्ट करायच्या आत, ४० केबीचा बाइटअ‍ॅरे घ्यायचा. जोडणी करायच्या क्षणी तो नावासकट टाकून द्यायचा, कलेक्ट चालवायचं, लगेच जोडणी. काम झालं, सॉकेट बंद, पुन्हा कलेक्ट, पुन्हा रुमाल. घाणेरडी युक्ती आहे, पण चालते. ईएसपी३२ वाल्यांनी ही नक्कल करू नये. तिथे टीएलएसची मेमरी पायथनच्या हीपमधून येत नाही, खालच्या आयडीएफच्या (चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफच्या पायाभूत सॉफ्टवेअरच्या) हीपमधून येते, त्यामुळे रुमाल चुकीच्या गाडीत पडतो.

नंतरचा मोठा फायदा फ्रोझन मॉड्यूलचा, म्हणजे फर्मवेअरमध्येच गोठवलेल्या कोडचा. साधी पीवाय फाइल इम्पोर्ट केली की बोर्ड ती तिथल्या तिथे कंपाइल करतो. त्या खटपटीत हीपचे तुकडे पडतात, आणि बाइटकोडही (कंपाइल झालेला कोड) रॅममध्ये राहतो. आधीच कंपाइल केलेली एमपीवाय फाइल टाकली तर कंपाइल वाचतं, बाइटकोड तरीही रॅममध्येच. फर्मवेअरमध्ये गोठवला की तो फ्लॅशमधून जागच्या जागी चालतो. त्यासाठी सीमेक हे बिल्डचं साधन आणि आर्मचा जीसीसी कंपायलर लागतो. आधी एमपीवाय-क्रॉस (एमपीवाय बनवणारा कंपायलर) बनवा, मग आरपी२ पोर्टमध्ये (पिकोसाठीच्या भागात) बोर्डाचं नाव देऊन सबमॉड्यूल ओढा, एका मॅनिफेस्ट फाइलीत आपला फोल्डर फ्रीझ करायला सांगा, आणि मेक करताना फ्रोझन-मॅनिफेस्टमध्ये तिचा पत्ता द्या. यूएफ२ ही फर्मवेअरची फाइल तयार होते, बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून टाका. आणि हे विसरू नका: बोर्डावर त्याच नावाची जुनी पीवाय फाइल पडलेली असेल तर आधी तीच उचलली जाते, कारण शोधाच्या यादीत चालू फोल्डर फ्रोझनच्या आधी येतो. नवं फर्मवेअर टाकूनही जुनाच बग दिसत राहतो, आणि माणूस कंपायलरला शिव्या घालतो.

इथवर सगळं केल्यावर मॅक्स फ्रीचा आकडा स्थिर झाला. आणि बारा दिवसांनी पाठवणी परत बंद.

म्हणजे मत बदलावं लागलं. या वेळी लॉगमध्ये काहीच नाही, ना एरर, ना रीसेट. प्रोग्राम मजेत चालू, फक्त पाच मिनिटं काही केल्या होत नाहीत. टिक्स-एमएस हा मिलिसेकंद मोजणारा काउंटर त्याच छोट्या पूर्णांकात मावावा म्हणून दोनाच्या तिसाव्या घाताला शून्यावर येतो. हिशोब करा: १२ दिवस, १० तास, १५ मिनिटं. ‘आत्ता वजा मागचं’ असं साध्या वजाबाकीने लिहिलं असेल तर त्यानंतर उत्तर उणे येतं, आणि उणे संख्या तीन लाखांपेक्षा (पाच मिनिटांच्या मिलिसेकंदांपेक्षा) मोठी कधी होत नाही. वजाबाकी टिक्स-डिफने करायची, हे कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय. मायक्रोसेकंद मोजणारा टिक्स-यूएस तर अठराव्या मिनिटाच्या आतच गुंडाळतो, त्यामुळे ती चूक टेबलावरच सापडते. एमएसची चूक टाकीवर चढल्यावर सापडते. पहिल्या बिघाडाचे अकरा-बारा दिवस आणि हे बारा दिवस जवळजवळ आल्यामुळे दोन वेगळे रोग महिनाभर एकच वाटले. यात भाषेला दोष देता येणार नाही, निदान पूर्ण नाही.

वेळेवरून आणखी एक. पिकोवर घड्याळ १९७० पासून मोजतं, म्हणजे आजचा आकडा छोट्या पूर्णांकाच्या बाहेर. तो चुकून फ्लोटमध्ये टाकला तर एकेरी अचूकतेमुळे १२८ सेकंदांच्या ढांगा पडतात. दोन मिनिटांतल्या सगळ्या नोंदींवर एकच वेळ दिसली तर सर्व्हरला दोष देऊ नका.

वेगाबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. टाकीचं पाणी १३३ मेगाहर्ट्झपेक्षा सावकाश चढतं. नेमक्या पल्सेस हव्या तिथे पीआयओ (पिना स्वतंत्रपणे चालवणारा चिपमधला भाग) आहे, तो पायथनमधूनच लिहिता येतो आणि तो भाग खरोखर सुरेख जमलाय. वायपर (फंक्शन थेट मशीन कोडमध्ये बदलणारी सोय) लागला तो एका चेकसमपुरता.

आता सुरक्षेचा भाग, जो आधी यायला हवा होता. एक्सेप्शन होऊन प्रोग्राम थांबला तरी पिन आहे त्या स्थितीत राहते. रिले ओढलेला असेल तर तो ओढलेलाच, आणि टाकी गच्चीभर वाहते. वॉचडॉग (वेळेवर थोपटलं नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) लावा, पिकोवर त्याची कमाल मुदत ८३८८ मिलिसेकंद, आणि एकदा सुरू केला की बंद करता येत नाही. रीसेटनंतर पिना इनपुट होतात, म्हणून रिले ट्रान्झिस्टरच्या बेसला खाली ओढणारा १० किलोओहमचा रेझिस्टर हवाच. वॉचडॉगला टायमरमधून थोपटू नका, मुख्य लूप अडकला तरी टायमर इमानेइतबारे थोपटत राहतो. सॉकेटला पाच सेकंदांचा टाइमआउट द्या. डीएनएसला (सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधण्याला) तो लागू होत नाही, म्हणून पत्ता सुरुवातीला एकदाच शोधून ठेवा आणि जोडणी सलग फसली तरच पुन्हा शोधा. सेन्सर पाच व्होल्टवर असेल तर त्याच्या इको पिनला १ के आणि २ के ओहमचा व्होल्टेज-विभाजक घाला. पिकोवरच्या आरपी२०४० चिपच्या पिना पाच व्होल्ट सोसत नाहीत.

‘पिको २ घ्या, ५२० केबी आहे’ असा सल्ला हमखास मिळतो. घ्या की. पण फ्लोटची गळती आणि मधोमध बसलेला माणूस तिथेही तोच, फक्त बिघाड बाराऐवजी पंचविसाव्या दिवशी येईल आणि शोधायला दुप्पट वेळ लागेल. अशा बोर्डांवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या एस्प्रुइनोचा मार्ग वेगळा आहे: सगळं एकाच मापाच्या छोट्या डब्यांत साखळीने ठेवायचं, त्यामुळे तुकडे पडण्याचा त्रास फारसा नाही, पण वेग बराच कमी. सी मध्ये लिहिलं असतं तर हा प्रश्नच नव्हता, असं म्हणणाऱ्यांनी गच्चीवर लॅपटॉप घेऊन, यूएसबी लावून, चालत्या बोर्डावर एका ओळीत सेन्सर तपासून बघावा. जेएसएन-एसआर०४टी हा अल्ट्रासॉनिक सेन्सर २०-२५ सेंटीमीटरच्या आत आंधळा असतो हे रेपलवर (ओळ टाइप केली की लगेच चालवणाऱ्या पायथनच्या प्रॉम्प्टवर) दोन मिनिटांत कळतं. कंपाइल, फ्लॅश, पुन्हा जिना चढा, या फेऱ्यात तीच संध्याकाळ गेली असती. चौथा तारा त्या रेपलचा आहे, पाचवा त्या सोळा बाइटच्या माणसाने खाल्ला.

सध्या बोर्ड रोज रात्री दोन वाजता मेम-इन्फो छापतो, तेवढं सिरियलवर बघायचं. मॅक्स फ्री गेले ४३ दिवस ४१०० ब्लॉकच्या खाली गेलेलं नाही. रुमाल मात्र अजून काढलेला नाही.