जुनी पिकअप, वर्षभराचा वापर: डाव्या इंडिकेटरने काय काय शिकवलं

२०१३ ची डिझेल पिकअप आम्ही मागच्या दिवाळीनंतर सेकंडहँड घेतली. माल नारायणगावच्या मार्केटला जातो आणि भाव बरा असला की आळेफाटा, ओतूर, माळशेज उतरून थेट वाशीला. इंजिन, पाटे, मायलेज यावर लिहीत बसत नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना ते पाठ आहे, आणि माझीही तिथे तक्रार नाही. क्रेटनी हौदा गच्च भरला तरी घाट निमूट चढते. मला लिहायचंय ते डाव्या बाजूच्या मागच्या इंडिकेटरबद्दल, कारण या गाडीपायी झालेला सगळा मनस्ताप तिथलाच आहे.

डावा इंडिकेटर दिला की डॅशबोर्डवर टिकटिक दुप्पट वेगाने. उजवा एकदम व्यवस्थित. पहिला संशय अर्थातच बल्बवर. कारण इंडिकेटर लुकलुकवणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर किती करंट जातोय ते बघत असतो. २१ वॅटचा एक बल्ब कमी झाला की तो वेग वाढवून ड्रायव्हरला कळवतो. पण बल्ब काढून पाहिला तर तार शाबूत. नवा घातला तरी तेच.

मग शोरूमच्या वर्कशॉपला गेलो. तिथे आधी फ्लॅशर बदलला. फरक शून्य. मग म्हणाले, "शेठ, कॉम्बी स्विच गेलाय, पूर्ण सेट बदलावा लागेल." स्टिअरिंगखालच्या त्या इंडिकेटर-लाइटच्या स्विचचा आणि मजुरीचा मिळून जो आकडा सांगितला, त्यात गाडीचा एक टायर आला असता. मी विचारलं, स्विच गेलाय तर डाव्या बाजूचा पुढचा इंडिकेटर झगझगीत कसा लागतो? एकाच स्विचमधून दोन्हीकडे लाइन जाते ना? उत्तर मिळालं नाही. कोणी मागे जाऊन टेललॅम्पचं कव्हरसुद्धा उघडलं नव्हतं. बदललेल्या फ्लॅशरचे पैसे मात्र बिलात लागले, आणि जुना फ्लॅशर मागितला तर तो टाकून दिला म्हणाले. हा राग अजून गेलेला नाही.

खरा दोष संध्याकाळी घरी दिसला. चुलतभाऊ गाडीच्या मागे उभा होता आणि मी एकेक बटण दाबत होतो. नुसता इंडिकेटर दिला तर तो मिणमिणता, आणि त्याच्या तालावर शेजारचा लाल टेललॅम्पही हलकासा उघडझाप करत होता. हेडलाइट लावले की डावा इंडिकेटर जवळजवळ मेला. ब्रेक दाबला की पूर्ण बंद! म्हणजे रात्री, ब्रेक मारून डावीकडे वळताना, नेमका जेव्हा तो हवा तेव्हाच मागच्याला काही दिसत नव्हतं. माळशेजच्या धुक्यात मागे भरलेला ट्रक असताना याचा अर्थ काय, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

ही सगळी लक्षणं अर्थिंगची. मागच्या लॅम्पमधल्या इंडिकेटर, ब्रेक, टेल आणि रिव्हर्स या चारही बल्बना परतीची वायर, म्हणजे अर्थ, एकच असते आणि ती चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) बोल्टने बांधलेली असते. तो सांधा गंजला की करंटला परतायला वाट उरत नाही. मग तो शेजारच्या टेलच्या तारेतून उलटा शिरतो आणि वाट शोधतो, म्हणून टेल लुकलुकतो. ब्रेक दाबला की परतीच्या वायरवर ब्रेकच्या बल्बमधून जवळजवळ बॅटरीइतकाच व्होल्टेज येऊन बसतो. इंडिकेटरच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, मग तो लागेल कशाने? आणि करंट कमी जातो म्हणून फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय. फ्लॅशर त्याचं काम चोख करत होता, आणि वर्कशॉपने त्यालाच काढून फेकलं.

खात्री करायला मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला (मागपर्यंत पोहोचायला लांब वायर जोडावी लागते), लाल तार लॅम्पच्या अर्थवर, आणि इंडिकेटर चालू. सांधा चांगला असेल तर आकडा ०.१–०.२ व्होल्टच्या पुढे जायला नको. इथे पाच-सहा व्होल्ट दिसत होते. उजव्या बाजूला जवळजवळ शून्य. मीटर नसेल तर आणखी सोपं: एक जाड वायर लॅम्पच्या अर्थला आणि चासीवरच्या खरवडलेल्या जागेला धरा. इंडिकेटर लगेच भक्कन लागला तर निदान झालं.

बोल्ट खोलल्यावर कारणही सापडलं. गाडी विकण्याआधी हौद्याला आणि चासीच्या मागच्या भागाला रंग मारला होता, आणि अर्थच्या वायरचं थिंबल (टोकाची धातूची कडी) रंगाच्या थरावरच कसलं होतं. त्यात मागच्या चाकांचा चिखल आणि वॉशिंग सेंटरचं प्रेशरचं पाणी थेट तिथेच. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, १.५ स्क्वेअर एमएमची नवी वायर ओढली (एका बाजूचे चारही बल्ब एकदम लागले तर पाच-सहा अँपिअर होतात, बारीक वायर नको), नवं थिंबल, दातेरी वॉशर, कसून बोल्ट आणि वरून ग्रीस. ग्रीस कसल्यानंतर लावायचं. सगळा खर्च शंभरच्या नोटेत बसला.

इथपर्यंतचं पावसाळ्याआधी लिहून ठेवलं होतं आणि गाडीला पैकीच्या पैकी देणार होतो. आता पावसाळा संपताना मत थोडं बदललंय. अर्थ अजून ठणठणीत आहे, पण श्रावणात तोच इंडिकेटर पुन्हा अधूनमधून दगा देऊ लागला. या वेळी बल्बचा होल्डर. लॅम्पच्या काचेमागचं रबर कडक होऊन आक्रसलंय, आत पाणी जातं आणि होल्डरची पितळी पट्टी हिरवी पडते. रबर सुटं मिळत नाही, पूर्ण लॅम्पच घ्या म्हणतात. एका रबरासाठी अख्खा लॅम्प घ्यायला लावणं मला अजिबात पटत नाही. सध्या पट्टी घासून, जरा उचलून ताठ केली आहे आणि काचेच्या कडेला सिलिकॉन भरलंय. खालचं पाणी जायचं भोक मात्र मोकळं ठेवलंय. ते बुजवलं तर आत साचलेलं पाणी बाहेर येणारच नाही.

मध्ये एकाने एलईडी बल्ब घालायला सांगितले होते. उजेड टवटवीत वाटला, पण एलईडी दोन-तीन वॅटच खातो, त्यामुळे साध्या बल्बचा फ्लॅशर लगेच दुप्पट वेगाने पळायला लागतो. त्यावर उपाय म्हणून ६ ओहमचा रेझिस्टर जोडतात. तो चालू असताना पंचवीस-तीस वॅटची उष्णता बाहेर टाकतो आणि प्लास्टिकजवळ बसवला तर भीती वाटावी इतका तापतो. एलईडीचा वेगळा फ्लॅशर घेतला तर तो प्रश्न मिटतो, पण मग बल्ब गेल्याचं वेगवान टिकटिकीतून कळणं बहुतेकदा बंद होतं. मालाच्या गाडीला ती सूचना मला हवी आहे. साधे २१ वॅटचे परत लावले.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस सर्टिफिकेट दर वर्षी लागतं आणि इंडिकेटरने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावं असा नियम आहे. त्यामुळे जुनी पिकअप बघायला जाल तेव्हा इंजिनचा आवाज ऐकण्याआधी एकाला मागे उभं करा. हेडलाइट लावा, ब्रेक दाबून धरा आणि मग दोन्ही इंडिकेटर आळीपाळीने द्या. टेललॅम्प सोबत लुकलुकला तर बिचकून गाडी सोडू नका, पण त्यावर दोन-तीन हजार कमी नक्की करून घ्या. उजव्या बाजूचा बोल्टही मी याच आठवड्यात खोलणार आहे. तिथेही तोच रंग आहे.