प्रेसचे पोलादी भाग पुन्हा काळे करताना: कोल्ड ब्लू, रस्ट ब्लू की हॉट ब्लू?

जुना रिलोडिंग प्रेस (रिकामी काडतुसं पुन्हा भरायचं हातयंत्र) हाती आला की हँडल, लिंकच्या (जोडदांड्यांच्या) पिना आणि शेल होल्डर (काडतुसाचा बूड धरणारी खाच) हमखास गंजलेले निघतात. बॉडीची काळजी नको. ती बहुधा बिडाची आणि रंगवलेली असते (आरसीबीएस कंपनीच्या रॉक चकर प्रेसचा हिरवा रंग ओळखीचा आहेच), रंग उडाला असेल तर रंगच मारावा. प्रश्न उघड्या पोलादाचा आहे. त्यावर रसायनाने किंवा उष्णतेने काळा-निळा थर आणणं म्हणजे ब्लूइंग.

कोल्ड ब्लू सगळ्यात सोपं. बाटलीतलं रसायन बोळ्याने लावायचं, काळं झालं की धुऊन तेल लावायचं. पण हे खरं ब्लूइंग नव्हे. बहुतेक बाटल्यांत सेलेनियमचं संयुग आणि तांब्याचा क्षार असतो, आणि पोलादावर बसतो तो त्यांचाच पातळ थर. हाताचा घाम रोज लागणाऱ्या हँडलवर तो फार टिकत नाही, कडा आधी पांढऱ्या पडतात. नीट धुतलं नाही तर राहिलेल्या आम्लामुळे नव्याने गंजही धरतो. सेलेनियम विषारी आहे, तेव्हा हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. ओरखडे झाकायला किंवा एखादी पिन काळी करायला मात्र ते पुरेसं आहे.

रस्ट ब्लूला वेळ लागतो, पण घरच्या घरी करण्याजोगं सर्वांत टिकाऊ काम हेच. भाग पॉलिश करून, तेलाचा अंशही न ठेवता, त्यावर गंज आणणारं द्रावण पातळ लावायचं आणि दमट पेटीत ठेवायचं. बारीक नारिंगी गंजाची साय धरली की भाग उकळत्या पाण्यात सोडायचा. तो नारिंगी थर पाहता पाहता काळा मखमली होतो, कारण तांबड्या गंजाचं मॅग्नेटाइट होतं. वरची सैल काजळी बारीक स्टील वूलने हलकेच काढायची आणि पुन्हा द्रावण. पाच-सात फेऱ्यांनंतर रंग गडद होतो. इथे काम बिघडतं ते दोन ठिकाणी. स्टील वूल बहुधा तेलकटच मिळतं, ते आधी अॅसिटोनमध्ये धुवावं लागतं. आणि पाणी डिस्टिल्डच हवं, नळाच्या पाण्यातले क्षार डाग पाडतात. तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे कडक केलेल्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरत नाही.

हॉट ब्लू म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं सुमारे १४० अंशांवर उकळणारं द्रावण. ढीगभर भाग एकदम आणि एकसारखे काळे होतात, पण त्या द्रावणात थोडं जरी गार पाणी एकदम पडलं तरी ते उसळून अंगावर येतं. अॅल्युमिनियमचा तुकडा चुकून आत गेला तर विरघळतो. बीड कधीकधी लालसर निघतं. चार भागांसाठी हा पसारा घरी मांडू नये, करणाऱ्याकडे द्यावं.

पोलाद तापवून येणारी झळाळती निळाई सुमारे ३०० अंशांना येते. दिसते छान, पण शेल होल्डर आणि पिना कडक केलेल्या असतात, त्यांचं पाणी तिथे उतरतं. हौस असेल तर साध्या स्क्रूंवर करा.

पद्धत कोणतीही घ्या, थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा असतो. म्हणजे मापात फरक पडत नाही, पण खड्डेही बुजत नाहीत, जसं पॉलिश तसंच दिसणार. गंज काढायला फॉस्फोरिक आम्लाचा जेल वापरला असेल तर मागे राहिलेला फॉस्फेटचा थर घासून काढा, नाहीतर रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो. क्रोम किंवा स्टेनलेस भागांवर ही रसायनं चालत नाहीत.

रॅमचा (हँडलने वर-खाली होणाऱ्या दांड्याचा) सरकणारा भाग आणि डायची (काडतुसाला आकार देणाऱ्या साच्याची) आतली बाजू काळी करायच्या भानगडीत पडू नका. रॅमवरचा थर घासून जाणारच आणि डायच्या आत गुळगुळीतपणा हवा, रंग नको. तिथे तेलाचा पुसट हात पुरे.

माझी निवड: हँडलला रस्ट ब्लू, पिनांना कोल्ड ब्लू. शेल होल्डरच्या ओठावर खोल खड्डे असतील तर तो बदलावा, स्वस्त भाग आहे. ब्लूइंग एकट्याने गंज थांबवत नाही, थरात मुरलेलं तेल थांबवतं, म्हणून शेवटी तेल भरपूर लावून रात्रभर मुरू द्या. मात्र प्रायमर (काडतुसाची ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर (बंदुकीची दारू) बाहेर काढण्याआधी डाय आणि शेल होल्डर कोरडे पुसून घ्या. तेल लागलेला प्रायमर दगा देऊ शकतो.